जुलैचा नकाशा : जीआयएस वापरून तालुक्यातले ग्रामीण रस्ते कसे आखावेत

एप्रिलमध्ये पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हारकडच्या एखाद्या पाड्यावर जीप थेट अंगणापर्यंत जाते. वाट सुकून टणक झालेली असते, ओहोळात नुसते गोटे उरलेले असतात. जुलैत त्याच ओहोळाला कमरेइतकं पाणी असतं आणि बाळंतपणाला अडलेली बाई झोळीत घालून, खांदे बदलत, डांबरी रस्त्यापर्यंत आणावी लागते. कागदावर मात्र हा पाडा दोन्ही महिन्यांत 'जोडलेला'च असतो, कारण नकाशावर तिथे एक रेघ ओढलेली आहे.

जीआयएसने, म्हणजे नकाशा आणि त्यामागची माहिती एकत्र हाताळणाऱ्या संगणकप्रणालीने, रस्त्यांचं नियोजन करायचं म्हणजे ही रेघ खरी करायची. हा लेख जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातल्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी, ग्रामपंचायतीला आराखडा करून देणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आणि भूगोल किंवा स्थापत्य शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. एका तालुक्याएवढं काम साध्या लॅपटॉपवर, क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरवर होतं. त्याची अलीकडची 'एलटीआर' (दीर्घकाळ तीच राहणारी) आवृत्ती टाका, म्हणजे काम अर्ध्यावर असताना मेनू बदलणार नाहीत.

आधी प्रश्न ठरवा

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहा: कोणाला, कुठे, किती वेळात, कोणत्या महिन्यात पोचता आलं पाहिजे? मी वापरतो ते वाक्य असं आहे: 'तालुक्यातल्या प्रत्येक वस्तीला जुलै महिन्यात ग्रामीण रुग्णालयात, माध्यमिक शाळेत आणि आठवडे बाजारात पोचायला किती मिनिटं लागतात?' पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नासाठी आहेत.

आपल्याकडचं रस्तेनियोजन बराच काळ लांबी आणि अंतर मोजत आलं. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड 1943 च्या नागपूर आराखड्यातून आली. 25 डिसेंबर 2000 ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने एकक बदललं. गावाऐवजी वस्ती मोजायला घेतली, आणि रस्ता 'बारमाही' असण्याची अट घातली. सपाट भागात 500 आणि आदिवासी, डोंगरी भागात 250 लोकसंख्येची वस्ती, ही मर्यादा तिथूनच सगळ्यांच्या तोंडी बसली. जागतिक बँकेचा ग्रामीण प्रवेश निर्देशांक बारमाही रस्त्यापासून 2 किलोमीटरच्या आत किती ग्रामीण लोक राहतात ते मोजतो. देशांची तुलना करायला ते ठीक आहे. सह्याद्रीत मात्र 2 किलोमीटरच्या त्या वर्तुळात मध्येच 200 मीटरचा कडा येतो. म्हणून तालुक्याच्या पातळीवर वर्तुळ नको, मिनिटं मोजा.

थर गोळा करणं

जीआयएसमध्ये रस्ते, वस्त्या, उंची अशी एकेक माहिती वेगळ्या थरात ठेवतात. रस्त्यांसाठी पहिला आधार ग्राम सडक योजनेचाच घ्या. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने या योजनेची जीआयएस माहिती सर्वांसाठी खुली केली. त्यात 25 लाख किलोमीटरहून जास्त ग्रामीण रस्ते, 10 लाखांहून जास्त वस्त्या आणि शाळा, दवाखाने, बाजार अशा 8 लाखांहून जास्त सोयी आहेत. 'जिओसडक' या नावाने ती मिळते. दुसरा आधार ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे स्वयंसेवकांनी काढलेल्या खुल्या नकाशाचा. क्विकओएसएम हे प्लगइन (क्यूजीआयएसला जोडायची पुरवणी) टाकलं की तालुक्यापुरते रस्ते थेट उतरवून घेता येतात. दोन्ही थर एकमेकांवर ठेवले की फरक लगेच दिसतो: सरकारी थरात रस्त्याचा वर्ग आणि क्रमांक असतो, पण रेघ कुठे कुठे सरकलेली असते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रेघ बऱ्याचदा उपग्रहचित्रावर नेमकी बसते, पण प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग), इजिमा (इतर जिल्हा मार्ग), ग्रामा (ग्रामीण मार्ग) या वर्गांची माहिती तुटपुंजी असते. मी रेघ ओपनस्ट्रीटमॅपची आणि वर्ग सरकारी थरातला घेतो.

वस्त्यांच्या बाबतीत जनगणनेवर थांबू नका. जनगणना महसुली गावाची लोकसंख्या देते, आणि एका महसुली गावात आठ-दहा पाडे किंवा वाड्या तीन-चार किलोमीटरवर विखुरलेल्या असतात. गावाच्या मधोमध एक बिंदू टाकून सगळी लोकसंख्या त्याच्या नावावर केली, तर दूरचा पाडा नकाशावरून पुसला जातो. गूगलच्या 'ओपन बिल्डिंग्ज' संचात भारतातल्या इमारतींचे आकार मोफत मिळतात. ते उतरवून घरांचे पुंजके पाहा, प्रत्येक पुंजक्यावर एक बिंदू द्या आणि गावाची लोकसंख्या घरांच्या प्रमाणात वाटून टाका. हा अंदाज आहे. आशाताईंच्या नोंदवहीतला आकडा मिळाला की अंदाज खोडा आणि तो आकडा लिहा.

गावांची नावं जोडताना नावावर विसंबू नका. एकाच तालुक्यात एका नावाची दोन गावं असतात, आणि एका गावाची तीन स्पेलिंगं. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला, म्हणजे एलजीडीचा संकेतांक प्रत्येक तक्त्यात घ्या. तो अंक म्हणून न ठेवता मजकूर म्हणून साठवा.

उंचीसाठी इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचं कार्टोडेम किंवा फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातून मोजलेलं एसआरटीएम घ्या. दोन्हींत साधारण 30 मीटरचा एक चौकोन मिळतो. एक काळजी घ्या: दाट जंगलात एसआरटीएमची उंची जमिनीची नसून बरीचशी झाडांच्या शेंड्यांकडे झुकलेली असते. झाडी जिथे संपते तिथे नकाशावर खोटी पायरी दिसते. तिला कडा समजू नका.

गाव नकाशा आणि पाणंद

ही पायरी बहुतेक मार्गदर्शकांत नसते, पण महाराष्ट्रात तिच्यावाचून रस्ता आखणं म्हणजे वादाला आमंत्रण आहे. ग्राम सडक योजनेतून जमीन विकत घेण्यासाठी पैसे मिळत नाहीत, जागा राज्याने किंवा गावाने द्यायची असते. त्यामुळे जुनी, नोंदलेली वाट सापडली तर निम्मं काम झालं.

भूमी अभिलेखच्या गाव नकाशात वाटा खुणांनी दाखवलेल्या असतात. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारे ग्रामीण रस्ते दुहेरी रेघेने असतात. गाडीमार्ग तुटक दुहेरी रेघेने असतात आणि त्यांची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायमार्ग तुटक एकेरी रेघेने, रुंदी सव्वाआठ फूट. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यामागे मोजणीची 33 फुटी साखळी आहे. साडेसोळा फूट म्हणजे अर्धी साखळी, सव्वाआठ म्हणजे पाव. (33 गुणिले 33 फुटांचा गुंठा याच साखळीतून आला.) शेतावर जायच्या वाटा मात्र नकाशात नसतात. त्यांचा माग वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या वहिवाटींच्या नोंदीत, घ्यावा लागतो.

नकाशाचं स्कॅन क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये (स्कॅन जमिनीवरच्या खऱ्या जागी बसवणाऱ्या साधनात) उघडा आणि जमिनीवर आजही ओळखता येतील अशा जागा निवडा: तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुनी बांधीव विहीर, देऊळ, दोन ओढ्यांचा संगम. गावठाणाचा कोपरा किंवा बांध घेऊ नका, ते सरकतात. निदान दहा-बारा खुणा द्या आणि त्या चारी बाजूंना पसरवा. रूपांतरासाठी आधी पहिल्या घाताचा पॉलिनॉमियल निवडा; तो कागद नुसता सरकवतो, फिरवतो आणि एकसारखा ताणतो. 'थिन प्लेट स्प्लाइन'चा मोह होतो, कारण त्यात चूक शून्य दिसते. पण ती शून्य दिसते कारण ही पद्धत कागद ओढूनताणून प्रत्येक खुणेवर बसवते, आणि एखादी खूण चुकीची असेल तर तुम्हाला ती कळतच नाही. पॉलिनॉमियलमध्ये चुकीच्या खुणेसमोर मोठा आकडा उभा राहतो. ती खूण शोधा, दुरुस्त करा, आणि सरासरी चूक खाली आली की पुढे चला.

मग दुहेरी आणि तुटक रेघा वेगळ्या थरात गिरवा. उपग्रहचित्रावर हा थर ठेवला की दिसेल: काही पाणंदी आजही वाट म्हणून चालू आहेत, काही बाभळीखाली गेल्या आहेत, आणि काहींवर शेत चढलं आहे. तिन्हींना वेगळा रंग द्या. अडवलेली वाट खुली करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 आणि बांधावरून नवी वाट मागण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे. दोन्ही ठिकाणी अर्ज तहसीलदाराकडे जातो, आणि सोबत असा नकाशा असला तर स्थळपाहणीला नेमकं कुठे उभं राहायचं ते कळतं. मालकी मात्र हा नकाशा ठरवत नाही. ते काम मोजणीचं.

मोजमापाची जाळी

उतरवलेले बहुतेक थर अक्षांश-रेखांशात, म्हणजे ईपीएसजी 4326 या संकेतांकाच्या जाळीत येतात. त्यात अंतर अंशांत मोजलं जातं, आणि महाराष्ट्राच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंश उत्तर-दक्षिण अंशापेक्षा काही किलोमीटरने आखूड असतो. तिथे 'बफर', म्हणजे बिंदूभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ, काढलात तर वर्तुळाचं अंडं होतं. सगळे थर मीटरच्या जाळीत आणा. 78 अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला ईपीएसजी 32643, पूर्वेला 32644. मोखाडा, बीड, सोलापूर पहिल्यात. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली दुसऱ्यात. यवतमाळ जिल्हा 78 च्या रेघेवरच येतो, तिथे एक जाळी ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

जाळं जोडणं

आता सगळ्यात वेळखाऊ काम. डोळ्यांना जोडलेले दिसणारे रस्ते संगणकाला जोडलेले नसतात. पाड्याची वाट डांबरी रस्त्याच्या दोन मीटर अलीकडे संपली, तर आपल्याला फाटा दिसतो आणि संगणकाला बंद गल्ली. मग तो पलीकडच्या गावावरून चौदा किलोमीटरचा वळसा दाखवतो आणि त्या पाड्याचा आकडा भलताच मोठा येतो.

क्यूजीआयएससोबत वापरता येणाऱ्या ग्रास या मोफत संचातल्या 'व्ही.क्लीन' या साधनात 'स्नॅप'ने जवळची टोकं जोडा आणि 'ब्रेक'ने फाट्यांवर रेघा तोडा. जोडण्याचं अंतर तीन ते पाच मीटरपलीकडे नेऊ नका, नाहीतर ओढ्याच्या दोन काठांवरच्या वाटा एकमेकींना चिकटतील आणि नसलेला पूल तयार होईल.

उलटी चूकही तितकीच घातक. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाखालून असंख्य गावरस्ते भुयारी मार्गाने जातात. 'ब्रेक' चालवलं की त्या प्रत्येक ठिकाणी चौक तयार होतो आणि महामार्गाकडेच्या गावांना मुंबई-नागपूर वेगाने तालुक्याला पोचता येतं असं दिसतं. प्रत्यक्षात चढायची जागा फक्त इंटरचेंजवर. असे महामार्ग आधी वेगळ्या थरात काढा, बाकीचं जाळं साफ करा आणि मग इंटरचेंजच्या ठिकाणीच ते हाताने जोडा. रेल्वेफाटकांवरही नजर टाका.

साफसफाई झाली का ते तपासायची युक्ती: तालुक्याच्या गावी एक बिंदू ठेवा आणि 'सर्व्हिस एरिया' (दिलेल्या अंतरात कुठवर पोचता येतं ते दाखवणारं) हे साधन प्रचंड अंतर देऊन चालवा. जे रस्ते रंगले नाहीत ते तुटलेले आहेत. एकेक करून पाहा, तुटका रस्ता खरोखर तुटका आहे की रेघेची चूक आहे.

दोन वेग, दोन ऋतू

प्रत्येक तुकड्याला हे रकाने द्या: वर्ग, पृष्ठभाग, रुंदी, शेवटचं काम कोणत्या वर्षी झालं, जागा कोणाची, आणि दोन वेग: एक एप्रिलचा, एक जुलैचा.

सुरुवातीला मी असे आकडे धरतो. चांगला डांबरी किंवा काँक्रीटचा ग्रामीण रस्ता: एप्रिलमध्ये ताशी 30 किलोमीटर, जुलैत 25. खडीचा: 20 आणि 15. मुरमाचा: 15 आणि 8. मातीचा: एप्रिलमध्ये 10, आणि जुलैत गाडी बंद, पायी 3. हे आकडे माझे आहेत, तुमच्या तालुक्यात ते बदलतील. एसटीच्या वेळापत्रकावरून आणि फोनवर मार्ग नोंदवत केलेल्या जीपच्या दोन-तीन फेऱ्यांवरून ते बसवून घ्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत वाट ओली झाली की ट्रॅक्टरही रुततो, तिथे पायी वेगही कमी धरा. कोकणात जांभ्याच्या सड्यावरची वाट पावसातही घट्ट राहते. मातीचा नकाशा हवा असेल तर नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचं काम उपयोगी पडतं.

बंद तुकड्यांना वेग शून्य लिहू नका. त्यातून भागाकाराचे घोळ होतात. जुलैच्या थरात ते तुकडे पायी वेगाने ठेवा, आणि ओढा उतरताच येत नसेल तर गाळून टाका.

चढाच्या पायवाटांसाठी टॉब्लरचं, चढावरून पायी चालण्याचा वेग काढणारं सूत्र चांगलं चालतं. सपाटीवर ते ताशी 5 किलोमीटर देतं, 20 टक्के चढावर ताशी अडीच. पाठीवर किंवा झोळीत माणूस असेल तर मी त्याच्याही निम्मा वेग धरतो.

जुलैत वाट कुठे तुटते हे उपग्रहाला विचारू नका. सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन 10 मीटरचा आणि ग्रामीण रस्त्याचा डांबरी भाग 3.75 मीटरचा, कमी वाहतुकीवर 3 मीटरचाच. त्यात पावसाळाभर ढग. ढगांतून पाहणारं सेंटिनेल-1 चं रडार ऑगस्ट 2019 मधल्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरासारखा मैलोनमैल पसरलेला पूर दाखवतं, शिरोळ तालुक्यात ते फार कामाचं आहे. मोखाड्यातल्या पाच मीटर रुंदीच्या ओहोळाचं पाणी त्यात दिसत नाही. ते माणसांना विचारावं लागतं.

त्यासाठी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठा नकाशा लावा, रंगीत पेनं ठेवा आणि विचारा: 'गेल्या पावसात पेशंट कुठून उतरवला? कुठे थांबावं लागलं? किती वेळ?' हाच प्रश्न आशाताईंना, एसटीच्या कंडक्टरला, पोस्टमनला, कोतवालाला आणि दूध घालणाऱ्या पोरांना वेगवेगळा विचारा. बायकांशी वेगळं बसा. पाण्याला आणि जळणाला जाणाऱ्या वाटा पुरुषांच्या नकाशात येत नाहीत. लोक बोट ठेवतील त्या प्रत्येक मोरीला, फरशी पुलाला, साकवाला बिंदू द्या आणि लिहा: वर्षात साधारण किती दिवस बंद, एका वेळी किती तास. मग क्यूफील्ड हे ॲप फोनवर टाकून, नकाशे आधीच उतरवून घेऊन, त्या जागी जाऊन या. रेंज नसली तरी काम होतं. कड्याखाली किंवा झाडीत फोनचं स्थान भरकटतं, तेव्हा मिनिटभर थांबून नोंद घ्या.

मिनिटं मोजा आणि धागे ओढा

आता प्रत्येक वस्तीपासून प्रत्येक सोयीपर्यंतचा सर्वांत जलद मार्ग काढा. दोनदा: एकदा एप्रिलच्या वेगाने, एकदा जुलैच्या. क्यूनीट-3 हे प्लगइन असलं तर सगळ्या जोड्यांचा तक्ता एकदम मिळतो. दोन रकान्यांची वजाबाकी करा. ज्या पाड्यांचा फरक मोठा, तिथे रस्ता आहे पण पावसात टिकत नाही. ज्यांची दोन्ही मिनिटं मोठी, तिथे रस्ताच नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि आराखड्यात ते एका यादीत कोंबू नयेत.

पुढे प्रत्येक मार्गाला त्या वस्तीची लोकसंख्या द्या आणि एकाच तुकड्यावरून जाणाऱ्या मार्गांची बेरीज करा. नकाशावर रेघा जाड-बारीक काढल्या की तालुक्याच्या खऱ्या शिरा दिसतात. कागदावर 'ग्रामा' म्हणून शेवटच्या रांगेत असलेला एखादा तुकडा सात-आठ पाड्यांचा एकमेव मार्ग निघतो. त्यानंतर प्रत्येक मोरी एकेक करून बंद करून पाहा: ही तुटली तर किती लोक अडकतात? तालुक्याला शंभर मोऱ्या असल्या तरी संगणकाला हे काम काही मिनिटांचं आहे, आणि दुरुस्तीची यादी लावण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही.

समजा दोन प्रस्ताव समोर आहेत. पहिला: 310 लोकांच्या पाड्याला नवा 4.2 किलोमीटरचा रस्ता. जुलैत रुग्णालय 95 मिनिटांवरून 38 वर येतं. 57 गुणिले 310, म्हणजे 17,670 माणशी-मिनिटं वाचतात. दुसरा: असलेल्याच रस्त्यावरच्या दोन बुडणाऱ्या मोऱ्या उंच करणं. पाच पाड्यांच्या 1,140 लोकांचा वेळ 110 वरून 52 वर येतो. 58 गुणिले 1,140, म्हणजे 66,120. खर्चही कमी. मोऱ्या आधी हव्यात हे स्पष्ट आहे, आणि तरी नेहमी नवा रस्ताच मंजूर होतो, कारण मोरीचं उद्‌घाटन होत नाही.

पण हीच बेरीज आंधळेपणाने चालवली तर लहान पाडा कायम तळाला राहील. दरवर्षी. म्हणून माझ्या आराखड्यात दोन याद्या असतात. पहिलीत जुलैत रुग्णालयापासून 60 मिनिटांपलीकडच्या सगळ्या वस्त्या, लोकसंख्या कितीही असो, आणि निधीचा एक ठरलेला वाटा त्यांच्यासाठी. दुसरी यादी माणशी-मिनिटांच्या क्रमाने. वाटा किती हे ग्रामसभांनी आणि पंचायत समितीने ठरवावं. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं डोंगर चढून गेली आणि यंत्रं वर नेता आली नाहीत. अशा वस्त्या कुठल्याच बेरजेत वर येत नाहीत.

लहान पाड्यांसाठी नियमातलीच एक वाट आहे. ग्राम सडक योजनेत 500 मीटरच्या आतल्या, आणि डोंगरी भागात वाटेने दीड किलोमीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. 110, 90 आणि 80 लोकांचे तीन पाडे वेगवेगळे अपात्र, एकत्र 280. क्यूजीआयएसमधलं 'डीबीस्कॅन क्लस्टरिंग' असे गट शोधून देतं. ते साखळीने पाडे जोडत जातं, म्हणून प्रत्येक गट स्वतः मोजून पाहा, आणि प्रस्ताव करताना चालू टप्प्याच्या मार्गदर्शक सूचना वाचून घ्या. टप्प्यागणिक मर्यादा आणि जनगणनेचं वर्ष बदलत आलं आहे.

रेघ कुठून न्यायची

डोंगरात नवा रस्ता आखायला 'लीस्ट कॉस्ट पाथ' (सर्वांत कमी कष्टाची वाट शोधणारं साधन) वापरतात. त्यात फसगत अशी की संगणक जमिनीचा उतार पाहतो, रस्त्याचा चढ पाहत नाही. तीव्र उताराला आडवा जाणारा रस्ता सपाट असू शकतो. ग्रासमधलं 'आर.वॉक' चढ-उताराची दिशा धरतं, पण ते पायी माणसासाठी आहे. गाडीरस्त्यासाठी जुन्या अभियंत्यांची कंपासची युक्तीच बरी. डोंगरी भागात साधारण 5 टक्के चढ धरतात, अपवाद म्हणून 7. उंचीच्या थरातून 10 मीटरच्या समोच्च रेषा काढा. 5 टक्क्यांनी 10 मीटर चढायला 200 मीटर आडवं जावं लागतं. एका रेषेवरच्या बिंदूभोवती 200 मीटरचं वर्तुळ काढा, ते पुढच्या रेषेला जिथे छेदेल तिथून पुढे चला. पाडा खालच्या रस्त्यापेक्षा 180 मीटर उंच असेल तर रस्ता 3.6 किलोमीटरचा होणारच, मग सरळ अंतर 1.1 किलोमीटर का असेना. ग्रामसभेत हा आकडा आधीच सांगा.

दोन पर्याय असतील तर सोंडेवरून जाणारा बघा. घळीकडेने जाणारा रस्ता आखूड दिसतो, पण दर दोनशे पावलांवर ओहोळ ओलांडतो. उंचीच्या थरावरून 'फ्लो अ‍ॅक्युम्युलेशन' (कुठे किती पाणी एकवटतं तो थर) काढा, प्रवाह आणि रस्त्याची रेघ जिथे छेदतात ते बिंदू मोजा: तेवढ्या मोऱ्या. प्रत्येकीवरचं पाणलोट क्षेत्र मिळालं की ढोबळ पाणी काढता येतं. क्षेत्र हेक्टरमध्ये, पाऊस ताशी मिलिमीटरमध्ये आणि वाहून जाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला किती भाग वाहून जातो ते) यांचा गुणाकार भागिले 360. 40 हेक्टर, 80 मिलिमीटर आणि 0.5 धरले तर सेकंदाला सुमारे 4.4 घनमीटर. एवढ्या पाण्याला एकच बारकी नळमोरी घातली तर ती पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जाईल. अंतिम संकल्पन अभियंत्याने जागेवर मोजून करायचं, पण अंदाजपत्रकात मोऱ्या विसरल्या जाणार नाहीत.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडप्रवण क्षेत्रांचा थर भूकोश संकेतस्थळावर आहे, तो रेघेखाली ठेवा. वनजमीनही याच टप्प्यावर पाहा. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) खाली रस्त्यासारख्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी 75 पर्यंत झाडं, ग्रामसभेच्या शिफारशीने वळवता येते. साडेसात मीटर रुंद पट्टा धरला तर एक हेक्टरात सुमारे 1,333 मीटर रस्ता बसतो. रेघ जंगलातून 1,500 मीटर जात असेल, तर एखादं वळण बदलून ती 1,300 वर आणता येते का ते आत्ताच, पडद्यावर पाहा. तसं जमलं नाही तर प्रकरण वन संवर्धन कायद्याच्या लांब वाटेने जातं.

हाती काय द्यायचं

ग्रामसभेत तीनच नकाशे न्या: एप्रिलची मिनिटं, जुलैची मिनिटं, आणि प्रस्तावित कामांनंतरची जुलैची मिनिटं. तिन्हींना रंगांचे टप्पे तेच ठेवा. पाड्यांची नावं लोक म्हणतात तशी लिहा. प्रत्येक कामाच्या बाजूला किती लोक, किती मिनिटं वाचतात आणि जागा कोणाची, एवढं असू द्या.

मूळ थर जिओपॅकेजच्या (अनेक थर एकत्र ठेवणाऱ्या प्रकारच्या) एका फायलीत ठेवून तिची प्रत ग्रामपंचायतीत, एक पंचायत समितीत आणि एक शाळेतल्या संगणकावर द्या. कोणत्या रकान्यात काय आहे, वेग कुठून आले, कोणता आकडा अंदाज आहे, हे मराठीत एका पानावर लिहून जोडा. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरला की, आशाताई आणि कंडक्टरकडे पुन्हा जा. नवीन वाहून गेलेल्या मोऱ्या भरा, जुलैचा वेग बदला आणि तक्ता पुन्हा चालवा. दुसऱ्या वर्षी या कामाला आठवडाही लागत नाही.